बाबलकाकांचं सरण

कायदा जंगल राखतो, हे मला नका सांगू. आमच्या डिचोलीतली देवाची राई सरकारनं राखीव करावी म्हणून बाबलकाकांनी पणजीला खेटे घातले. गोवा घटकराज्य झालं, मागोमाग राईही राखीव झाली.

राईतली काडी आम्ही कधी मोडली नाही. फक्त गळून पडलेली लाकडं सरणाला चालत. काका वारले तेव्हा ती आणायला गेलो, तर वनखात्याचा गार्ड आडवा.

"काकांनीच आणललो कायदो हा हो. काडी मेळाची नाय."

मग म्हापशाच्या वखारीतून लाकडं आणली. उतरवताना एका ओंडक्यावर शेंदूर दिसला. तो आम्ही फक्त राई राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या झाडाला लावतो.

आम्ही ओंडका बाजूला काढला. काकांचा मुलगाच म्हणाला, "चढवा. दोनय राखणदार एकदमच जांवदे."