सासऱ्यांची मिरची आणि गार बत्ती

अरे, मिरचीच्या बारा रोपांपायी माझं बीपी वाढलं होतं, खोटं नाही सांगत! सासरे पंधरा दिवस नागपूरला गेले आणि आमच्या राजेंद्र नगरच्या फ्लॅटमध्ये हॅलोजनखाली वाढवलेली त्यांची रोपं माझ्या गळ्यात पडली. भिंतीवर चिठ्ठी होती, "सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास पाणी. भूलना मत."

हॅलोजननं खोली भट्टीसारखी तापायची, म्हणून मी सियागंजच्या बाजारातून एलईडी आणून लावला. म्हटलं, सरप्राइज देऊ. आठवड्यात पानं पिवळी पडली. मी घाबरून पाणी डबल केलं, तर रोपांनी मानाच टाकल्या. रोज फोन यायचा, "पाणी देताय ना?"

"एकदम बराबर, बाबा!" मी ठोकून द्यायचो.

शेवटी बायकोनंच त्यांना व्हिडिओ कॉल लावला. नवी बत्ती बघून ते शांतपणे म्हणाले, "बत्तीला हात लावा." गार होती.

"आता मातीत बोट घाला." नुसता चिखल!

"जावईबुवा, हॅलोजन माती सुकवायचा, म्हणून दोनदा पाणी होतं. ही बत्ती काय सुकवणार?"

सात रोपं वाचली. परवा ते पुन्हा नागपूरला गेले. नव्या चिठ्ठीत लिहिलंय, "मातीत बोट घालून बघणे. सुधारणा करू नये."