सरपंचांच्या लेकीच्या लग्नात न पडलेला गाँग

समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या वादक मंडळाचा भक्कम आधार असलेल्या बू रुकमिनी, सरपंच पाक हार्दोनो, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या बू सुमारसिह, त्यांना लाम्पुंगला न्यायला आलेल्या त्यांच्या सूनबाई, आणि चटयांवर दाटीवाटीने बसलेल्या समस्त गावकरी बंधू-भगिनींनो,

बू सुमारसिह आमच्या गामेलानमध्ये, म्हणजे या वादक मंडळात, वर्षानुवर्षं मोठा गाँग, ती टांगलेली काशाची थाळी, वाजवत आल्या. सूनबाई शहरात वाढल्या, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. आमचं वादन गोल फिरतं. मी केनोंग वाजवतो, म्हणजे आवर्तनाचे चार भाग पाडत जातो. चौथा भाग संपला की गाँग पडतो आणि आवर्तन मिटतं. किती फेरे घ्यायचे ते ढोलकी ठरवते. ती रेंगाळली की समजायचं, आता संपवा. पण गाँग पडल्याखेरीज संपत काही नाही! नेमकं हेच आमच्या ढोलकीवाल्या पाक तुकिरान यांच्या डोक्यातून सरपंचांच्या मुलीच्या लग्नात निसटलं. रागावू नका हं, पाक. नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

वादनाआधी चहा पिता पिता ते वऱ्हाड्यांना म्हणाले, "गाँगला काय लागतं? माझं बदकसुद्धा वाजवेल. फेऱ्यात एकदा जागं झालं की झालं!"

मंडळी खो खो हसली. मागे बू सुमारसिह सोयाबीनचं तळलेलं तेंपे खात होत्या. त्यांनी सावकाश बोटं पुसली. आम्ही तेव्हाच घाबरायला हवं होतं.

नवरा-नवरी संथपणे चालत आले, आसनावर बसले. ढोलकी रेंगाळली, आम्ही सगळे रेंगाळलो. सरपंच भाषणाला उठले. शेवटची मात्रा आली... आणि गाँग नाही! बू हात मांडीवर ठेवून छताकडे बघत बसलेल्या. आता थांबायचं तरी कसं? आम्ही निमूटपणे पुढच्या फेऱ्यात शिरलो. सरपंच बसले. पुन्हा ढोलकी रेंगाळली, पुन्हा सरपंच उठले, पुन्हा बसले.

"वागियो," पाक तुकिरान ढोलकी न सोडता ओरडले, "बाईंना काय झालंय विचार!"

मी दोघांच्या मधे. वाजवता वाजवता मान वळवली. "बू, काय झालंय?"

"मला कुठे काय? त्यांना म्हणावं, बदक बोलवा."

एव्हाना नवरीच्या केसांतली जाईची माळ कानावर आली होती. नारळाच्या दुधात शिजलेल्या कोंबडीचा वास मंडपभर फिरत होता आणि नवरदेवाची नजर नवरीवरून कधीच स्वयंपाकघराकडे गेली होती. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "अरे, लग्नाला बोलावलंय की शिक्षेला?"

पाक तुकिरान पुटपुटले, "चुकलं."

"ऐकू येत नाही," बू म्हणाल्या. "केवढा गोंगाट आहे इथे!"

वादनाचा आवाज कमी करायचा, तर तो इशाराही ढोलकीच देणार. बिचाऱ्यांनी स्वतःच्या हाताने तो दिला. सगळी वाद्यं कुजबुजू लागली, आणि त्यांच्यासोबत सबंध मंडप कान टवकारून गप्प झाला.

"बू सुमारसिह, मी चुकलो. गाँग बदकाला जमणार नाही."

"आणि तुम्हाला?"

पाक तुकिराननी आणखी एक अख्खा फेरा वाजवून काढला.

"मलाही नाही."

मग कुठे बूंनी मोगरी उचलली. काय पडला तो गाँग! पोटातून जाणवला, रिकाम्या पोटांना तर फारच. सरपंचांनी भाषण रद्द करून पंगत मांडायला सांगितली. त्यांच्या कारकिर्दीत तेवढ्या टाळ्या त्यांना पुन्हा कधी मिळालेल्या नाहीत. माफ करा, साहेब.

तेव्हापासून तालमीला येताना पाक तुकिरान बूंसाठी गरम आल्याचा काढा आणतात. पेला आधी त्यांच्यापुढे, मग ढोलकीला हात. आता बू जाणार म्हणून त्यांच्या जागी आम्ही तिघांना बसवून पाहिलं. एकाचा ठोका पाक तुकिरानना घाईचा वाटतो, दुसऱ्याचा आळशी. तिसऱ्याला काय खोट, विचारलं तर म्हणाले, "खोट काही नाही. बू नाही तो, एवढंच."

आज सकाळी ते माझ्या दारात आले. "वागियो, भाषण चांगलं लांबव."

"अहो, त्यांची बस चुकेल!"

"चुकू दे की," म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

सूनबाई, तुम्ही मघापासून घड्याळ बघताय हे दिसतंय मला. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बू, आमचं जे काही वाकडंतिकडं वाजलं, ते पोटात घाला. बोलण्यात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, नको ते तोंडून गेलं असेल, तर ती चूक माझी, पदरात घ्या. भाषणाच्या लांबीची तेवढी माफी मी मागणार नाही. ती पाक तुकिराननी मागावी. बूंना ऐकू जाईल अशी.