कापसाची खोली

अरे, अरे, अरे— भिंतीतून काऊन येऊन राह्यला बे? दरवाजा तिकडे हाये ना! ही चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ दिसून राह्यली का नाई तुले? जिथं बुद्धाचा फोटो लावाचा, नेमका तठूनच आला. मागं जाय. त्या दोन विटांच्या मधातून ये— हां, तो दरवाजा. आता मातीच हाये म्हना, पन उद्या जेसीबी खोदाले आला का याच रेघांवर घर उभं होनार ना? मंग आतापासून सवय नोको? आमची घरवाली, तानाबाई पाह्य, कालपासून सैपाकखोलीतून हॉलमदी जाते तं बराबर वळसा घालून जाते. अन् तू इंजिनेर असून भिंती तुडवतो.

बस त्या विटेवर. काय म्हनला? बजेटात बसत नाई, एक खोली कमी करा लागते? धम्मदीपनं फोन केलता म्हन! माह्या पोराले फोन कराले काय जाते, पुलगावले डेपोत नोकरीवर बसून हुकूम सोडते. प्लॉटच्या कागदावर नाव कोनाचं हाये? प्रेमदासचं. म्हंजे माह्यं. कमीच कराचं तं ती समोरची गोल कमान काढ. सुनेनं मोबाईलमदी पाह्यली ती— दीपमालानं. कमानीत का कोनी झोपते? जिन्याची चमकनारी रेलिंग काढ. जिनाच काढ, मले शिडी चढता येते. कोनती म्हनतो? मागची? नाई! मागच्या खोलीले हात लावाचा नाई. ती कापसाची खोली हाये.

कापूस घरातच ठेवा लागते ना बाबा, भाव वाढेपर्यंत. तुले काय समजते, तू वर्ध्याचा. आमच्या जुन्या घरी दिवाळीपासून कापूस पार आड्यापर्यंत भरून राहे— कापूस अंदर अन् मानसं बाहेर. म्हून खोली पाह्यजे. दहा बाय बारा. खिडकी निंबाच्या बाजूनं ठेवजो, हवा येते. अन् वरतं पंख्याचा हूक— कापसाले पंखा काऊन? गरमते त्याले! हासून काय राह्यला? ढिगात कापूस तापते, विचार कोनालेही. संडास-बाथरूम लागूनच दे. कापसाले नाई रे, येड्या— राखन कराले जो झोपन त्याले! अन् दरवाजाले कडी पाह्यजे, आतून. हो, आतून! आता— चोर कोठून येते? बाहेरून येते. मंग कडी आतूनच पाह्यजे ना! एवढं बी शिकवलं नाई का तुले कॉलेजात?

काय? आम्ही सोयाबीन पेरतो, असं कोन म्हनलं? धम्मदीपच म्हनला असन. हो, पेरतो! चार सालापासून सोयाबीनच पेरतो, त्या बोंडअळीनं कापसाचा पार सत्यानास केला. तं काय झालं? पुढंमागं लावन ना मानूस. खोली आधी पाह्यजे, कापूस येईन मागून.

अन् मले सांग, तुह्या नकाशात माही बाज कोठी हाये? हॉलमदी, टीव्हीसमोर. दिवान म्हनते त्याले. अन् तानाबाई कोठी? नातीच्या खोलीत. कोनी ठरवलं हे? आमाले विचारलं कोनी? लगन झालं तवा दोन खोल्यात अकरा मानसं आमी. ती आत, माह्या मायच्या बाजूले, अन् मी छपरीत बैलाच्या बाजूले. एकदा खोकलो का तिनं समजाचं, पानी पाह्यजे. दोनदा खोकलो का— ते तुह्या कामाचं नाई. मंग पोरं कशी झाली म्हनतो? कापसाच्या ढिगामागं राहे थोडी जागा. तू आपला नकाशा पाह्य ना!

मायबाप गेले, भाऊ वायले निंगून आपापल्या घरी गेले. म्हटलं, झालं, आता आपलं दोघांचं घर— तं सून आली. मंग नात आली. ती अजून आतच अन् मी अजून छपरीतच. बैल तेवढा गेला, त्याच्या जागी मोटरसायकल उभी राह्यते. आता पोराले कोन्या तोंडानं सांगू का बाबा, मले तुह्या मायसंगं— बोलाचं असते रे. बोलाचंच! या वयात दुसरं काय राह्यलं? पन चौघात बोलता येते का सारं? तिले गुडघा दुखते का विचारलं तरी सून तिकडून हासते. बाहेरून आवाज देऊ देऊ बोललो जलमभर, आता जरासं हळू बोलून पाहीन म्हनतो. म्हून कडी. समजलं? म्हंजे— कापूस. कापसासाठी. कापूसच लिही कागदावर.

चूप, ती येऊन राह्यली चहा घेऊन.

काई नाई वं तानाबाई, कापसाच्या खोलीचं चालू हाये. इंजिनेर म्हनते काढून टाका, मी म्हटलं कापूस काय रस्त्यावर— आँ? त्याले काय विचारून राह्यली तू? दरवाजा किती रुंद ठेवता? काऊन वं, तुले काय कराचं दरवाजाचं?

... डबल पलंग जाईन का म्हनते.

...

तू काय पाहून राह्यला बे माह्या तोंडाकडं? चार फुटी लिही दरवाजा! अन् कमान खोडून टाक, माह्यासमोर खोड. हां. धम्मदीपले मी पाहून घेतो. आता उठ, निंग अठून. चहा? चहा समुद्रपूरच्या ष्टँडवर पिजो, हे दोनच कप हाये.