मेंढरं मोजून शिजवलेले शेंगोळे

माझं नाव हौसा, माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव, आन् सासर इकडं तळेगाव ढमढेऱ्याच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यात. दोन्हीकडची माणसं धनगराची, पण माझ्या बापानं मी परकरात असतानाच मेंढरं मोडली आन् जमीन कसायला घेतली, त्यामुळं मी स्वतःला लई सुधारलेली समजायची. ज्या अंगणात लेंडी पडत न्हाई ते घर मोठं, एवढंच माझं तवाचं शहाणपण. काय सांगू तुम्हाला, ती हौसा आज मला रस्त्यात भेटली असती तर दोन थोबाडीत दिल्या असत्या, आन् मग घरी आणून जेवायला घातलं असतं, कारण अक्कल नसली तरी पोरगी वाईट न्हवती.

सासरी तर शंभर मेंढरं. सासरे, म्हंजी मामा, आठ-आठ महिने कळप घेऊन रानोमाळ हिंडायचे, स्वतःचं स्वतः रांधून खायचे. आमच्यात सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचं न्हाई, कपाळावर पदर ओढून बाजूला व्हायचं. सासू व्हती तवर तिच्या तोंडून बोलायची, ती गेल्यावर पोरांच्या तोंडून. पंचवीस वर्षं एका घरात राहिलो, पण मामांशी थेट एक शब्द न्हाई.

मग कंपन्या आल्या, आमचे मालक तिथं कामाला लागले, लेकीला स्थळं येऊ लागली आन् मी हट्ट धरला. पाहुणे दारात आले की नाकाला रुमाल लावतात, ती मेंढरं मोडा एकदाची. मालक म्हणले, बापाला विचारायला नको का? मी म्हणलं, मामांचं वय झालं, त्यांनाच आराम पडंल. केवढी माया! मामांनी एक म्हातारी काळी मेंढी तेवढी ठेवून घेतली, बाकी कळप एका सकाळी टेम्पोत चढला. लेकीचं लग्न झालं, ती दौंडला गेली, पोरगं शिकायला पुण्याला. मामा गोठ्यात बसून राहायला लागले. दोन भाकरी खाणारा माणूस अर्धी खाऊन ताट सरकवायचा. आठ दिवसांतनं एकदा तेवढे गोठ्यात तीन दगडांवर हुलग्याच्या पिठाचे, रश्श्यात सोडलेले शेंगोळे करायचे, कारण हुलग्याचा वास मला माझ्या सैपाकघरात चालत न्हवता. माझं सैपाकघर! तिथं गॅस आला व्हता ना, म्हणून एवढा तोरा.

त्याच सुमाराला अंगणवाडीच्या बाईंनी गावात महिला मंडळ काढलं. दर मंगळवारी दुपारी एकीनं आपला पदार्थ करून आणायचा, सगळ्यांनी खायचा, तिनं रीत सांगायची आन् बाईंनी वहीत लिहायची. पाटलीणबाईंनी सांज्याची पोळी आणली, कंपनीतल्या बिहारी माणसाची बायको भाड्यानं राहायची तिनं हरभऱ्याचं पीठ भरून भाजलेली लिट्टी आणली, दीदी घी जादा डालना, असं आम्ही तिच्याच भाषेत पाठ केलं. माझी पाळी आली तवा मी ठरवलं, आपण पुडीतलं कस्टर्ड करायचं. ते केलं, आन् त्याच्यात अशा गुठळ्या झाल्या की चमचा उभा राहावा, आन् खाली निस्तं पाणी. मंडळाची येळ झालेली. गोठ्यात मामांचं पातेलं वाफाळत व्हतं, मामा काळीला चारायला बांधावर. मी दोन फडक्यांत पातेलं धरलं आन् निघाले. सरळ चोरी केली म्हणा ना.

बायांनी पातेलं बोटानं पुसून खाल्लं. पाटलीणबाई म्हणल्या, हौसे, असे शेंगोळे मी माझ्या आजीनंतर आज खाल्ले, कुणी शिकवलं गं? आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, कुणी कशाला शिकवायला पाहिजे, माझ्याच हातचे हायेत. बाईंनी लिहिलंसुद्धा, हौसाबाईंचे शेंगोळे. वर म्हणल्या, पुढच्या आठवड्यात शिरूरला सगळ्या मंडळांचा मेळावा हाय, आपल्या गावातर्फे तिथं तुम्हीच करून दाखवायचे.

घरी आले तर मामा गोठ्यात शिळी भाकरी चटणीशी खात बसलेले. तीन दगड मोकळे. त्यांनी माझ्या हातातलं रिकामं पातेलं बघितलं आन् मान खाली घातली. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता शिकायचं कसं? तोंड उघडायची चोरी, मधे बोलायला पोरं घरात न्हाईत, मालक पाळीवर. दोन दिवस मी तशीच घुटमळले. तिसऱ्या दिवशी काळीपुढं पाला टाकला आन् तिलाच म्हणलं, काय गं काळे, शेंगोळ्याचं पीठ घट्ट मळायचं का सैल?

मामा घोंगडी झटकत व्हते, थांबले. मग तेही काळीला म्हणले, घट्ट मळावं बाई काळे, सैल मळलं की पाण्यात विरघळतं. लसूण, जिरं, मिरची पाट्यावर वाटावी, गॅसवाल्या बायका मिक्सर लावतात, तुला ठाव हायच.

घ्या! मी पदरात हसले. मग तीन दिवस ती मेंढी आमची मास्तरीण. काळे, किती जाड वळायचे गं? काळे, कोकराच्या शेपटीएवढे. काळे, रस्सा दाट कसा हुतो? त्याच पिठाची मूठ गार पाण्यात कालवून वतायची, आन् पाणी खळखळल्याबिगर एक शेंगोळं सोडायचं न्हाई, उलथनं लावायचं न्हाई, पातेलंच फडक्यानं धरून हलवायचं. काळी आपली रवंथ करत दोघांची तोंडं बघायची.

शिजवायचं किती येळ? काळे, कळप जाळीच्या कुंपणातनं भाहेर पडंस्तवर.

मी गॅसवर चढवलं आन् शाळेत पाढे म्हणावेत तसं एक ते शंभर मोजलं. आत कच्चं पीठ. दुसऱ्या दिवशी शंभर तीनदा मोजलं, तर पिठलं झालं. मामांनी चव घेतली आन् काळीला म्हणले, अगं, ह्यात शेंगोळे कुठं बुडाले ते तरी विचार. आन् हसले. टेम्पो गेल्यापासनं तो माणूस पहिल्यांदा हसला, फेट्याचं टोक तोंडावर धरून.

मग ते स्वतःच गोठ्यातल्या तीन दगडांपाशी बसले, मी पातेलं चढवलं, आन् त्यांनी मोजायला घेतलं. एक, दोन असं न्हाई. बांडी निघाली. मोरी निघाली. कानतुटी, तिच्या मागं तिचं कोकरू. लंगडी आली, तिला जरा दम धरू द्या. भोरी बाभळीला तोंड लावत थांबली, हॅ हॅ, चल. वीस झाली की एक खडा बाजूला. कोकरू आईला हुडकत परत आत गेलं, आता येऊ द्या भाहेर. डोळे मिटलेले आन् हात असा पुढं, एकेकीच्या पाठीवरनं फिरावा तसा. चौथा खडा जरा येळ हातातच धरला आन् पुढची निघाली. पाचवा खडा ठेवला तवा शेंगोळे बरोब्बर शिजले व्हते.

मी धुराचं निमित्त करून रडले. मला वाटायचं मेंढरं म्हंजी मेंढरं, वास मारणारी, एकसारखी. त्यातली एकेक त्यांना ठाव व्हती आन् मी त्यांना म्हणलं व्हतं, आराम पडंल.

मेळाव्याला मी मालकांना म्हणलं, मामांनाबी घेऊ जीपमधी. शिरूरला मोठा मंडप, टेबलावर गॅस, बायाच बाया, मामा पार मागं पुरुषांत घोंगडी खांद्यावर टाकून. माझा नंबर आला. मळलं, वळलं, पाणी खळखळलं, सोडले. मग स्पीकरवरनं विचारलं, हौसाबाई, किती मिनिटं ठेवायचं? बाई घड्याळ बघत पेन धरून उभ्या. आन् मी मोजायला लागले, बांडी, मोरी, कानतुटी... आन् पुढची मला येईना. पाणी उकळतंय, बाया कुजबुजायला लागल्या. मी कपाळावरचा पदर सारखा केला, मागं बघितलं आन् पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, तेबी स्पीकरमधी. मामा, तुम्ही या. रीत तुमची हाय, मी खोटं बोलले. तुमची मेंढरं मला ठाव न्हाईत.

कुणीतरी हसलं, गडी माणूस शेंगोळे करतो व्हय! मला वाटलं, आता ह्या माणसाची मी आणखी शोभा केली. पण मामा आले. बायांकडं पाठ करून पातेल्यापाशी उभे राहिले, खाली वाकून खडे उचलले आन् मोजायला लागले. पहिल्या खड्याला बाया हसत व्हत्या, दुसऱ्याला गप झाल्या. मधेच मामा थांबले. बाईंनी हळूच विचारलं, काय झालं मामा? ते म्हणले, भोरी मुतायला थांबली. सगळा मंडप असा हसला, आन् मामाबी हसले.

बक्षिसाचा पहिला नंबर ढोकळ्याला गेला. आम्हाला एक स्टीलचा डबा दिला. बाईंनी तिथंच माझं नाव खोडून मामांचं घातलं. परतीच्या जीपमधी मामा पुढं, मी मागं डबा मांडीवर घेऊन. शिक्रापूरच्या अलीकडं त्यांनी मान वळवली आन् म्हणले, सूनबाई, मीठ जरा कमी व्हतं. मी म्हणलं, व्हय मामा. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.

पुढं बरीच वर्षं आमच्या ओट्यावर बाया शिकायला यायच्या, तळेगावच्या बाजाराला आल्या की वाट वाकडी करून. पाटलीणबाई आल्या, लिट्टीवाली आली, माझ्या लेकीच्या दौंडच्या शेजारणी आल्या. मामा मोजायचे, बाया पातेलं हलवायच्या. आता मामा न्हाईत, चार वर्षं झाली, झोपेतच गेले, त्रास न्हाई. माझी सून कुकरला दोन शिट्ट्या देते, मी काही बोलत न्हाई, तिला कंपनीची बस गाठायची असते, आन् चवबी वाईट न्हाई, देव तिला सुखी ठेवो.

मी मात्र मोजूनच करते. मला मेंढरांची साठेक नावं येतात, त्यापुढं मामांबरोबर गेली. मग मी काय करते, जिनं जिनं शिकून नेलं तिचं नाव घेते. पाटलीणबाई निघाल्या. बिहारची दीदी निघाली, तिचं पोरगं मागं. खुटबावची माझी भावजय, ती दारात बोलत उभी राहणार, तिला येळ द्यावा लागतो. शंभराला अजून चार-पाच कमीच पडतात बघा. तुमचं नाव काय म्हणलात, ताई?