कूलरमधलं लेमन बाम

मले एक सांगा, थंडीत कोणाच्या घरी कूलर चालते काय? आमच्या घरी चालते. काऊन, ते आयका.

पोरीनं पुण्याहून लेमन बामचं रोप आणलं. पानं पुदिन्यासारखी, वास लिंबाचा, चहात टाकाचं म्हणे. आमची मंडळी, सुनंदा, त्याले लेकरावाणी जपे. पण मे महिन्यातलं आर्वीचं ऊन! कुंडीतलं रोप वाळून काडी झालं.

त्यानंतर घरात वेगळीच भानगड. दुपारी कूलर लावला का खोलीभर लिंबाचा वास. मले शुगर, सरबत बंद. सुनंदा म्हणे, "तुमी लपून सरबत पिऊन राह्यले!"

"अवं, घरात लिंबूच नाई."

"मंग वास कायचा?"

काय सांगू? ती माहा गिलास हुंगे. मंग मीबी आपलाच हात हुंगून पाहो. म्हटलं, झोपीत तर उठून पेत नसन मी?

शेवटी वाळ्याची ताटी बदलाले कूलर उघडला, तर ओल्या ताटीत हिरवंगार लेमन बाम!

"अवो माय!" सुनंदा म्हणे. "रोप हिरवं होतं तवा छाटलेल्या काड्या मीच खोचल्या होत्या, हवेले वास यावा म्हणून."

"मंग माह्यावर आळ काऊन घेतला?"

तिनं ताटी परत जागेवर बसवली. म्हणे, "आता कूलर बंद नोका करू. मरंल ते."

परवा शेजारी आला. आमी दोघं दुलई घेऊन बसलेले, समोर कूलर सुरू.

"सर, हे काय करून राह्यले?"

म्हटलं, "झाडाले पाणी देऊन राह्यलो."