एकदाच विचारतात

लेक : अगं, मी 'नको' म्हटलं, त्या 'बरं' म्हणाल्या. संपलं.

आई : संपलं कसं? मॅडमनी पुन्हा विचारलं असेल की.

लेक : नाही ना. "पुढची दोन वर्षं माझ्या प्रयोगशाळेत काम करशील का?" एवढंच. मी म्हटलं, "नको मॅडम, मला कुठे एवढं येतंय."

आई : बरोबर बोललीस. पहिल्या झटक्यात 'हो' म्हणणं बरं दिसत नाही.

लेक : इथे परदेशात पहिला झटका तोच शेवटचा. आल्या दिवशी घरमालकीणबाईंनी विचारलं, जेवतेस का? मी नको म्हटलं, तर माझ्यादेखत पातेलं उचलून फ्रीजमध्ये. मी पाणी पिऊन झोपले.

आई : काय बाई माणसं. आग्रह म्हणून काही असतो की नाही?

लेक : तेव्हा पोटावर निभावलं. आता ही जागा गेली, तर परीक्षा झाली की बोऱ्याबिस्तरा गुंडाळून घरी.

आई : मग ये की. घर काय पळून चाललंय?

लेक : आई, मला राहायचंय. मॅडमकडे अभ्यासतो ते तळ्यातलं शेवाळ मला स्वप्नातसुद्धा दिसतं.

आई : शेवाळ.

लेक : हो.

आई : स्थळांचे फोटो दाखवले तेव्हा डोळ्यांत झोप होती, आणि शेवाळ स्वप्नात. बरं. आत्ता कुठे आहेस?

लेक : मॅडमच्या खोलीबाहेर, बाकावर. दार उघडंच आहे. पण काल नको म्हणून आज मागायचं कोणत्या तोंडाने?

आई : आहे त्याच. दुसरं आणणार कुठून? चल, मी मॅडम. बोल.

लेक : मॅडम, तुमची हरकत नसेल, आणि दुसरं कुणी मिळालं नसेल, तर म्हणजे...

आई : नापास. तोवर बाई घरी जाऊन निजतील. पुन्हा.

लेक : मॅडम, मला हे काम करायचंय.

आई : ऊठ आता. फोन ठेवू नकोस.

(फोनवर पावलं, मग लांबून अस्पष्ट बोलणं. आई 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही.)

लेक : मिळाली, आई.

आई : काय म्हणाल्या?

लेक : "मग काल नको का म्हणालीस?" म्हटलं, आमच्याकडे दोन-तीनदा विचारतात. तर म्हणाल्या, "मला वाटलं, मी पुन्हा विचारलं तर तुझ्यावर जबरदस्ती होईल." हसल्या, आणि प्रयोगशाळेची किल्लीच हातात ठेवली.

आई : चांगली आहे गं बाई. मी उगाच बोलले.

लेक : दोन वर्षं, आई. मध्ये येणं जमेलसं वाटत नाही.

आई : आम्ही अगदी मजेत आहोत. आमची काळजी करू नकोस.

लेक : खरं सांग. करमतं तुला?

आई : नाही करमत. पण तू राहा.