पाहुण्याच्या ताटातला कान

जाझगुल : झालं एकदाचं! बाबा तुझ्याकडं बिश्केकला यायला तयार झाले. उद्या सकाळीच निघू म्हणतात.

एर्मेक : काय सांगतेस ताई! खरंच?

जाझगुल : खरंच. आता हे मी बोललेच नाही असं समज आणि तो कांदा चीर.

एर्मेक : म्हणजे?

जाझगुल : एक अट घातलीय. न्यायला त्यांचा मुलगा स्वतः आला पाहिजे.

एर्मेक : मग मी आलोय की!

जाझगुल : तू नाही. एर्मेक.

एर्मेक : मीच एर्मेक ना!

जाझगुल : मला काय सांगतोस? मी तुझे लंगोट धुतलेत. त्यांना सांग.

एर्मेक : आल्यापासून दुसरं काय करतोय? मी म्हणतो, बाबा, मी एर्मेक. ते म्हणतात, पाहुणे, प्रवासाचा शीण आहे, चहा घ्या.

जाझगुल : मुलगा म्हणून यायचास तेव्हा काय म्हणायचे?

एर्मेक : ‘आलास? शेण काढ.’

जाझगुल : मग बढतीच झाली की तुझी. आत दारासमोरच्या भिंतीशी मानाची जागा, मेंढीचं डोकं, नवी रजई. दोन मेंढ्या गेल्या तुझ्या पायी. असाच राहिलास तर वसंतापर्यंत कळपात फक्त कुत्रा उरेल. आणि हळू चीर. पाहुण्याला कांद्याला बसवलंय हे त्यांनी बघितलं तर मला घराबाहेर काढतील.

एर्मेक : ताई, चेष्टा पुरे. सोमवारी भावजी येतायत तुला न्यायला. रशियात गेलीस की वर्षभर तू काही दिसत नाहीस. बर्फ पडला की रस्ता बंद. मग इथं कोण?

जाझगुल : म्हणून तर रडायच्या ऐवजी बडबडतेय. परवा त्यांनी पेटत्या चुलीवर टोपी वाळत घातली. टोपी जळाली, तर मला म्हणाले, मांस लागतंय बघ. त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते परत सांग. मेंदूच्या झटक्यानं डोळे गेले का त्यांचे?

एर्मेक : डोळे शाबूत आहेत. चेहरा ओळखणारा भागही शाबूत. माझं नाक, माझी हनुवटी, कपाळावरची नालाची खूण, सगळं जुळतं त्यांना. पण आपलं माणूस दिसलं की आत कशी ऊब येते ना, ती आणणारी मेंदूतली तार तुटलीय. चेहरा पोचतो, ऊब पोचत नाही. मग मेंदू आपलं डोकं चालवतो. हा माझा असता तर आत काहीतरी हललं असतं. काहीच हललं नाही. म्हणजे हा तोतया.

जाझगुल : मेंदू आपलं डोकं चालवतो?

एर्मेक : त्यांनी जरा बऱ्या शब्दांत सांगितलं होतं.

जाझगुल : मग मला कशी ओळखतात?

एर्मेक : सगळ्यात जवळच्या माणसाचंच असं होतं म्हणे. जिथं ऊब जास्त, तिथंच ती गेल्याचं कळतं.

जाझगुल : वा! जन्मभर शेण मी काढलं आणि ऊब तुझी. मेंदूसुद्धा बापाचाच निघाला.

एर्मेक : ताई...

जाझगुल : राहू दे. बोलले एवढंच. बरं, फोनवर कसा चालतोस तू त्यांना?

एर्मेक : कानाची तार वेगळी. ती तुटलेली नाही.

जाझगुल : मग नुसत्या आवाजावर न्यायचं. काल पडद्याआडून बोललास ते काय वाईट होतं?

एर्मेक : चांगलं चाललं होतं. मग त्यांनी पडदा सारला आणि म्हणाले, ‘पाहुणे, नक्कल झकास करता. लग्नाकार्यात करत जा.’

जाझगुल : मागं गवताच्या गंजीआड जा आणि फोन कर. सांग, मी माणूस पाठवलाय, त्याच्याबरोबर निघा.

एर्मेक : म्हणजे मी मलाच पाठवलं?

जाझगुल : दुसरं कोण रिकामं आहे?

(एर्मेक गंजीआड. शार्शेनाली आत खिडकीपाशी, हातात फोन.)

शार्शेनाली : कोण?

एर्मेक : बाबा, मी बोलतोय.

शार्शेनाली : गाढवा! जिवंत आहेस होय? आवाज का बसलाय तुझा? डोक्यावर टोपी नसेल.

एर्मेक : आहे, बाबा.

शार्शेनाली : खोटं. वारा ऐकू येतोय मला. आमच्याकडं वाहतोय तसलाच आहे तुझ्याकडं.

एर्मेक : बाबा, मी एक माणूस पाठवलाय. तो आलाय ना?

शार्शेनाली : तो होय! तू पाठवलायस? सज्जन आहे बिचारा. जेवतो कमी, आणि माझ्याकडं बघत बसतो. पण एर्मेक, तुला म्हणून सांगतो, त्याला तुझं तोंड लावलंय कुणीतरी. खूणसुद्धा सोडली नाही. एवढा खर्च कुणी केला असेल रे, माझ्यासारख्यावर?

एर्मेक : त्याच्याबरोबर या, बाबा. इथं डॉक्टर आहेत, घर गरम आहे. उद्याच निघा.

शार्शेनाली : निघतो. आणि मागं तू आलास तर?

एर्मेक : मी इथं आहे, बाबा. बिश्केकमध्ये.

शार्शेनाली : आत्ता आहेस. उद्या वाटलं, निघालास, आलास, आणि दाराला कुलूप! काय करशील? परत फिरशील. आईच्या वेळी तेच केलंस. आम्ही सगळे कबरीवर होतो, तू आलास, कुलूप बघितलंस आणि गेलास. टेकडीवरून मला तुझी पाठ दिसली. हाका मारल्या. तेव्हापासून या दाराला कुलूप नाही. जाझगुल ओरडते, कुत्री शिरतात. शिरू देत.

एर्मेक : ...

शार्शेनाली : अरे बोल ना. तू गप्प बसलास की कुणीच नसतं.

एर्मेक : मी येतो, बाबा.

शार्शेनाली : कधी?

एर्मेक : आत्ता. हा बघा, चालायला लागलो. फोन ठेवू नका. बोलत राहा माझ्याशी.

शार्शेनाली : आत्ता? थापा मारतोस. कुठवर आलास?

एर्मेक : गंजीपाशी. आता गोठ्यापाशी.

शार्शेनाली : कुत्रा भुंकला नाही.

एर्मेक : तो ओळखतो मला. दारात आलोय, बाबा. बघा इकडं. ऐकताय ना? हा मीच बोलतोय.

शार्शेनाली : थांब रे जरा, पाहुणे आत आले. तुझ्याशी मग बोलतो.

एर्मेक : बाबा!

शार्शेनाली : या, या. फोन ठेवला, बोला निवांत. लेकाचा होता. येतोय म्हणाला. गोठ्यापर्यंत आलाय म्हणे! लहानपणापासून असाच थापाड्या. अहो, दारात काय बसता? वर बसा, मानानं. जाझगुल, ताट आण!

जाझगुल : आणलं. पाहुणे, खा. तिसरी मेंढी आहे, लाज राखा तिची.

एर्मेक : मला भूक नाही, ताई.

शार्शेनाली : ताई म्हणतात बघ तुला. घरोबा केला हो तुम्ही. डोकं तुमचंच. फक्त तो डावा कान कापून बाजूला ठेवा. कान पोराला द्यायचा असतो. माझ्या एर्मेकचा आहे तो.

जाझगुल : बाबा, फळीवर आधीचे दोन कान सुकून चामडं झालेत.

शार्शेनाली : होऊ देत. त्याचे दात चांगले आहेत.

एर्मेक : शार्शेनाली आजोबा, मी आणखी काही दिवस राहिलो तर चालेल?

जाझगुल : आणि तुझी नोकरी? तुमची, म्हणजे. पाहुण्यांची.

एर्मेक : राहू दे ती. आजोबा, हिवाळाभर राहिलो तर?

शार्शेनाली : हे काय विचारणं झालं? पाहुण्याला जा म्हणणारं घर नाही हे. राहा. माझा मुलगा येईपर्यंत खुशाल राहा. तो आला की मात्र त्याची रजई त्याला द्यावी लागेल.

एर्मेक : देईन.

शार्शेनाली : मग तुमच्याकडं एक काम आहे. तुम्ही शहरातले, चार कचेऱ्यांत ओळखी असतील. मी ग्रामकचेरीत चिटणीस होतो, मला रीत माहीत आहे. तोंडी सांगतो, योग्य जागी पोचवा. जाझगुल, नाक नंतर पूस, उभी राहा सरळ. अर्ज चाललाय.

एर्मेक : सांगा.

शार्शेनाली : माननीय साहेबांच्या सेवेशी. विषय, मुलगा परत मिळण्याबाबत. सदर मुलाचं नाव एर्मेक. वर्ण गव्हाळ, नाक माझं, कपाळावर डावीकडं घोड्याच्या नालाची खूण. तुमच्यासारखीच, पाहुणे, पण त्याची खरी. सदर मुलगा रोज फोनवर येतो, परंतु घरी येत नाही. त्याच्याविरुद्ध अर्जदाराची कोणतीही तक्रार राहिलेली नाही. कुलपाचीसुद्धा नाही. तरी सदर मुलास, तो जिथं असेल तिथून, जसा असेल तसा, बर्फ पडायच्या आत घरी पाठवण्यात यावं, ही नम्र विनंती.